डाव्या कडेचा संशय

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या साताऱ्यात दोनच प्रश्न येतात. त्र्यंबकेश्वर केलंस का, आणि द्राक्षं आणलीस का. मी यातलं काहीच केलं नाही. मी नाशकात एका गोदामाच्या भिंतीचे फोटो काढले, इगतपुरीला धरणाच्या भिंतीचे काढले, आणि पेठजवळच्या एका पाड्यावर कुडाच्या भिंतीला पाठ टेकून कॅमेरा उलटा धरला. हे सगळं एका लेन्सपायी झालं.

मी घरगुती समारंभांचे फोटो काढते. बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, साठीशांत. हॉलमधली लग्नं मोठ्या कॅमेरेवाल्यांकडे जातात आणि माझ्या वाट्याला छोट्या खोल्या येतात, जिथे पाळणा, पाहुणे आणि गोदरेजचं कपाट एकाच चौकटीत बसवायचं असतं. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर लहान. त्याला साधी वाइड लेन्स लावली तर पडदा अर्धा ओढलेल्या खिडकीतून बघितल्यासारखं होतं, कडेची माणसं जातात. त्यामुळे अशा लहान सेन्सरसाठीच केलेली जास्त रुंद झूम लेन्स लागते. शिवाय घरातल्या अंधारात फ्लॅशशिवाय भागवायचं, तर तिचं अ‍ॅपर्चरही, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, मोठं हवं, टू पॉइंट एट. अशी एक वापरलेली लेन्स नाशिकला द्वारकेजवळ एका स्टुडिओवाल्याकडे असल्याचं कळलं.

त्याच सुमारास सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी वसतिगृहातली मैत्रीण, पेठ भागात नर्स आहे. तिची भाची मंगल बाळंत झाली होती.

"नाशकाला येतेच आहेस तर पुढे पेठला ये," ती म्हणाली. "पाचवीचा फोटो काढ. बाळाच्या बापाला हवाय. घरातल्या सगळ्यांचा, बाळासकट."

"बाप कुठे आहे?"

"आहे इथेच, दिंडोरीकडे. पण तो घरी येणार नाही."

"का?"

"तू ये, मग सांगते."

'मग सांगते' म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नसतो. खरं सांगायचं तर कुणावरच पटकन नसतो. मेथीची जुडी मी सोडून आतून बघते. कुणी फार गोड बोललं की पर्स काखेत आवळते. घरचे म्हणतात की यमदूत आला तरी मी आधी त्याचं ओळखपत्र मागेन. मागेनच.

नाशिक, द्वारका

द्वारका म्हणजे नाशकातला चौक. नाव देवाचं असलं तरी तिथे रस्ता ओलांडायला स्वतःचाच जीव मुठीत धरावा लागतो. बस, ट्रक, रिक्षा सगळे एकाच वेळी एकमेकांना 'तू थांब' म्हणत असतात आणि कुणीच थांबत नाही. स्टुडिओ आतल्या गल्लीत होता. मालक नसीरभाई, पासष्टीचे, पांढरी दाढी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी लेन्स मऊ फडक्यातून काढली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

मी पिशवीतून छोटी बॅटरी काढली. लेन्सच्या मागून उजेड पाडून बुरशीचे धागे आहेत का बघितलं. नव्हते. झूमची कडी फिरवून बघितली, कुठे अडखळत नव्हती. कानाशी धरून हलवून बघितली, आत काही खुळखुळत नव्हतं. पुढच्या काचेवर ओरखडा नव्हता. एवढं सगळं चांगलं निघाल्यावर माझा संशय बळावला.

"का विकताय?" मी विचारलं.

"डोळे गेले हो ताई. मोतीबिंदू."

चहा आला. मी मध्येच इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारलं, "मग आता धंद्याचं कसं?"

"मुलगा बघतो. त्याला ही लेन्स नको."

जाताना तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "त्याने मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला ना. ही त्याच्यावर चालत नाही." एका लेन्सला तीन कारणं. मी मनात गाठ मारून ठेवली.

पण खरा धक्का पुढेच होता. "घेऊन जा," ते म्हणाले. "वापरा, फिरा. परत जाताना या. पटलं तर पैसे द्या, नाही तर ही ठेवा इथेच."

"अशीच? काही न ठेवता?"

"तुमचा चेहरा बघितला. तुम्ही चोरी करणाऱ्यातल्या नाही, चोर शोधणाऱ्यातल्या आहात." मग जरा थांबून म्हणाले, "इगतपुरीला जाऊन या. धरणावर. तिथे एकदा लावून बघा."

साताऱ्यात दुकानदार अनोळखी माणसाला पेढासुद्धा चाखायला देताना चिमूटभर मोडून देतो. हा माणूस अख्खी लेन्स देत होता आणि वर फिरायला कुठे जायचं तेही सांगत होता. माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागल्या.

लेन्स तपासायची जुनी रीत म्हणजे विटांची भिंत. कॅमेरा भिंतीच्या अगदी समोर सरळ धरायचा, फोटो काढायचा आणि मग मोठा करून चारही कोपऱ्यांतल्या विटा सारख्याच स्पष्ट आहेत का बघायचं. गल्लीच्या टोकाला एका गोदामाची गिलावा न केलेली भिंत सापडली. मी कॅमेऱ्याची तिपाई लावून जरा मागे, जरा पुढे करत असताना रखवालदार आला.

"काय चाललंय?"

"भिंतीचा फोटो काढतेय."

"भिंतीचा? कशाला? काय आहे भिंतीत?"

"काही नाही. विटा आहेत."

"ते मला पण दिसतंय. कुठल्या पेपरचे तुम्ही? का महापालिकेकडून?"

त्याला लेन्स, कोपरे, स्पष्टता असं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, भिंत बघायची तर भिंत बघा. फोटो काढून कोण बघतं?" मग शेवटपर्यंत माझ्यामागे उभा राहिला. संशय घेणारी मी एकटी नाही हे बघून बरं वाटलं, पण त्याचा संशय माझ्यावर होता ही गोष्ट आवडली नाही. घाईत काढलेले फोटो बघितले तर डावीकडच्या विटा जरा मवाळ वाटल्या. पण कॅमेरा तिरका राहिला असेल तरी तसं होतं. नक्की सांगता येईना.

दुपारी मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव येतो आणि तर्री. इथे पापड, दही, वाटीभर जास्तीचा रस्सा, असा सगळा लवाजमा आला. मला वाटलं, मूळ पदार्थात काही कमी असल्याशिवाय एवढी सोबत कशाला लागते. पहिल्या घासातच कळलं की मिसळ उत्तम आहे. मी तो पापडसुद्धा संपवला आणि जास्तीचा रस्सा मागून घेतला.

इगतपुरी

इगतपुरीला उतरले तेव्हा समोरचा डोंगर होता की नव्हता तेच कळेना. पाऊस परतीला लागला असं बातम्यांत सांगत होते, इगतपुरीला ते कुणी कळवलेलं नव्हतं. घाटमाथ्यावरचं गाव. रेल्वेच्या क्वार्टर्सच्या भिंती हिरव्या शेवाळाने भरलेल्या, दोरीवरचे कपडे वाळायचा विचार सोडून दिलेले. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचारलं, धुकं कधी उठतं? तो म्हणाला, "दिवाळीला."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धुक्यात कुठलीही लेन्स सारखीच दिसते. सगळंच पुसट, मग डावं काय आणि उजवं काय. म्हातारा हुशार. दोष लपवायला मला मुद्दाम धुक्यात पाठवलं. मी चिडून दुप्पट आल्याचा चहा घेतला आणि रिक्षा करून धरणावर गेले. आता माघार घेतली असती तर त्याचंच खरं झालं असतं.

धरणाच्या भिंतीसमोर पोचल्यावर वारा सुटला आणि धुकं एकदम वर उचललं गेलं. समोर लांबच्या लांब सरळ भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिच्या दगडांत उगवलेलं गवत, खाली भाताची खाचरं, पोपटी रंगाची. देखणं दृश्य होतं, पण ते मी नंतर बघितलं. आधी धडाधड फोटो काढले. सगळ्यात रुंद, टू पॉइंट एटवर. मग स्क्रीनवर मोठं करून डावं टोक बघितलं.

डावीकडचं गवत पुसट होतं. उजवीकडे पातं न् पातं मोजून घ्यावं असं, आणि डावीकडे कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं. पुन्हा काढले, तिपाई हलवून काढले. प्रत्येक वेळी तेच. लेन्सच्या आतली एखादी काच बारीकशी तिरकी बसली असली की असं होतं. एक तर कधीतरी पडलेली असणार, नाहीतर कुणीतरी उघडून पुन्हा बसवलेली. म्हणजे मी बरोबर होते. असा आनंद मला मुलगी पहिल्या नंबराने पास झाली तेव्हा झाला होता.

त्या आनंदातच घात झाला. खात्री करायला तेच दृश्य माझ्या जुन्या लेन्सने काढावं म्हणून लेन्स बदलायला घेतली. एक काखेत, एक हातात, टोपण तोंडात, आणि वारा. जुनी लेन्स काखेतून निसटली आणि माझ्या पायाखालच्या उतारावरच्या दगडांवरून टणाटण उड्या मारत खाली गेली. खाली जाऊन गवतातून उचलली तेव्हा तिची पुढची काच फुटली होती आणि आतून पाणी ठिबकत होतं.

खाणावळीत गरम भात आणि आमटी समोर आली. आमच्याकडे भात शेवटी खातात, इथे पहिला घासच भाताचा. भाताला वास इतका चांगला होता की मी कुणावरही राग न धरता जेवले. मग पिशवीकडे लक्ष गेलं. आता पेठच्या फोटोला एकच लेन्स उरली होती, जिच्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता ती.

पेठ

नाशिकहून पेठला जाणारी एसटी सावळघाटात शिरली की डोंगर जवळ येतात आणि बोलणं बदलतं. 'आहे'चं 'हाय' तर कधीच झालेलं असतं, इकडे ते 'आहा'ही होतं. सुनंदा थांब्यावर उभी होती. पाड्याकडे चालत जाताना तिने ते 'मग सांगते' सांगितलं.

मंगलचा नवरा एकनाथ एकुलता एक. आषाढात भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावर तो दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत कामाला निघाला. बाप म्हणाला, आवणी झाल्यावर जा. बागवाला थांबायला तयार नव्हता. शब्दाने शब्द वाढला आणि बाप म्हणाला, गेलास तर पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. पोरगा गेला. म्हाताऱ्याने बायकांना घेऊन एकट्याने आवणी उरकली आणि त्या दिवसापासून मुलाचं नाव काढलं नाही. मंगलला आई नाही, त्यामुळे माहेरी जायचं कुठे, ती सासरीच बाळंत झाली.

"आणि म्हातारा अजून नातवाला बघायला आत आलेला नाही," सुनंदा म्हणाली. "ओट्यावर बसून राहतो. एकनाथ मला रोज फोन करतो. बाळ कसंय, मंगल कशीय, दोन शब्द. मग शेवटी विचारतो, बानं पोऱ्याला पाह्यलं का? मी म्हणते, नाही. तो फोन ठेवतो."

"आणि बघितलं तर?"

"तर येईल की. त्याला तेवढंच हवंय. बापाने हाक मारावी असंसुद्धा नाही, नुसतं बघावं."

म्हातारा ओट्यावरच बसलेला होता. बारीक, काटक, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला. सुनंदाने माझी ओळख करून दिली. त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं.

"फोटो काढाया आलाव?"

"हो. पाचवीचा. तुम्ही पण या ना आत."

"माझं काय काम?" तो म्हणाला आणि समोरच्या खाचराकडे बघायला लागला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

आधी जेवण झालं. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी. आम्ही तिला कारळ्याची म्हणतो आणि लसूण सढळ घालतो, इथे मिरची सढळ होती. मंगलची सासू, तिला सगळे आय म्हणत, मला तिसरी भाकरी वाढताना म्हणाली, "खा, बाई. शहरात काय खाया मिळत नाय." तिचा माझ्या शहरावर संशय होता. मला ते आपलंसं वाटलं.

मग मी खोली बघायला गेले आणि माझं अवसान गळालं.

खोली लहान, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, वर धुराने काळं झालेलं छप्पर. उजेड फक्त उजवीकडच्या दारातून येत होता. बाळंतीण डावीकडच्या कोपऱ्यात बसलेली, मांडीवर बाळ, शेजारी निखाऱ्याची शेगडी. मला उभं राहायला एकच जागा होती, समोरच्या भिंतीला पाठ चिकटवून. तिथून बघितलं की बाळ येत होतं बरोबर फोटोच्या डाव्या कडेला.

"मंगलला जरा मधे बसवता येईल का?" मी विचारलं.

"नाय," आय म्हणाली. "पाचवी पूजल्याबिगर बाळंतीण कोपऱ्यातनं हलत नसं."

"मग फ्लॅश मारू?"

"लखकन? नको. पाच दिसाचा जीव."

पाटा-वरवंटा मांडला होता, सुईण हळदकुंकू लावत होती, दारातला उजेड हळूहळू उतरत होता. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. कॅमेरा बाळाकडे वळवला तर बाळ मधे येईल, पण आय आणि सुनंदा बाहेर जातील, आणि एकनाथला सगळे हवे होते. सरळ काढला तर सगळे येतील, पण बाळ त्या पुसट पट्ट्यात. बापाने अजून बघितलेलं नाही असं बाळ आणि त्याचा चेहरा ओलं बोट फिरवल्यासारखा. नसीरभाईंना मी तिथल्या तिथे दहा शिव्या दिल्या. मला त्या वेळी खरंच रडू येत होतं.

आणि मग सुचलं. लेन्सची डावी बाजू वाईट आहे. कॅमेराच उलटा धरला तर ती बाजू उजवीकडे जाईल. उजवीकडे काय आहे? रिकामं दार. फोटो नंतर सरळ फिरवून घेता येतो.

मी सगळ्यांना बसवलं. मंगलला कोपऱ्यातच, पण हातभर आत सरकायला लावलं, कारण अशा लेन्सने अगदी कडेच्या माणसाचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबतं. तेवढं सरकणं आयने मान्य केलं. मंगलशेजारी आय, मग सुईण, मग सुनंदा, आणि दाराकडची जागा मोकळी. मग मी कॅमेरा उलटा केला. बटण खाली गेलं, पट्टा नाकावर आला, आणि ते बटण अंगठ्याने दाबायला मला कोपर वर काढून कोंबडीच्या पंखासारखं धरावं लागलं.

आय सुईणीच्या पाठीमागून सुनंदाकडे वाकली.

"अगं सुनंदा," आय हळूच म्हणाली, "तुझ्या मैतरणीला येतं ना?"

मंगल पहिल्यांदा हसली. बाळंतपणाने चेहरा ओढलेला होता तो एकदम उघडला. मग सुईण हसली, तिला खोकला आला, आय तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि सुनंदा तर भिंतीवर डोकं टेकून. मी पट्ट्याआडून अंगठा दाबत राहिले. आपल्यावर हसणाऱ्या माणसांचे फोटो चांगले येतात हे मला धंद्यामुळे माहीत आहे, त्यामुळे मीही मुद्दाम जरा जास्तच कोपर वर केलं.

निघताना म्हातारा ओट्यावर तिथेच होता, खाचराकडे बघत. मी येते म्हटलं. त्याने मान हलवली.

एसटीत बसल्यावर मी फोटो बघायला घेतले. कॅमेरा उलटा करून बघायचे म्हणून शेजारची बाई माझ्यापासून सरकून बसली. बाळ स्पष्ट होतं. मिटलेली मूठ, कपाळावरचं काजळ, सगळं. मी पुढचे बघत गेले आणि एका फोटोवर थांबले. दार रिकामं नव्हतं.

दारात कुणीतरी उभं होतं. डोक्याला पांढरं काहीतरी गुंडाळलेलं, एक हात चौकटीवर, जरासं वाकलेलं. आदल्या फोटोत नव्हतं आणि पुढच्या फोटोतही नव्हतं. हसणं ऐकून आला असणार, बघितलं असणार आणि गेला असणार. मी सुनंदाला फोन लावला. तिला काही दिसलं नव्हतं, आयलाही नाही, कुणालाच नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी पट्ट्याआड होते. म्हातारा आत डोकावला याचा जगात एवढा एकच पुरावा होता, आणि तो लेन्सच्या वाईट बाजूला आला होता. ती बाजू दाराकडे मीच वळवली होती.

मी चेहरा मोठा करून बघितला. जितका मोठा करावा तितका तो विरघळत होता. हसतोय की कपाळाला आठ्या आहेत? बाळाकडे बघतोय की माझ्या कोंबडीच्या पंखाकडे? अख्खा सावळघाट उतरेपर्यंत मी तेच बघत होते आणि मला काही सांगता येत नव्हतं.

पुन्हा द्वारका

एकनाथला फोटो कागदावर हवा होता. फोनवर नको म्हणाला, फोनवरचं हरवतं. बागेला सुट्टीच्या दिवशी तो नाशिकला येणार होता, म्हणून मी त्याला नसीरभाईंच्या स्टुडिओचाच पत्ता दिला. मलाही तिथे हिशेब मागायचा होता.

"डावी बाजू गेलेली आहे," मी लेन्स टेबलावर ठेवत म्हटलं.

"मालूम है," नसीरभाई म्हणाले. "म्हणून तर धरणावर पाठवलं. तेवढी लांब सरळ भिंत नाशकात कुठे मिळणार?"

"मग तोंडाने सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हा डावी सांगतोय म्हणजे नक्की उजवीकडे काहीतरी आहे. आणि उजवीकडेच शोधत बसला असतात."

मी दुसरा मुद्दा काढला. "आणि ती तीन कारणं?"

"तिन्ही खरी आहेत. माणसाला काय एकच कारण असतं?"

म्हातारा असलेला तोच फोटो छापून झाला तेवढ्यात एकनाथ आला. चोवीस-पंचवीसचा असेल. हातांवर औषधाच्या फवाऱ्याचे निळसर डाग, पायात चिखलाच्या चपला, त्या त्याने दाराबाहेर काढल्या. माझ्याकडे न बघता त्याने फोटो दोन्ही हातांनी घेतला. आधी बाळावर नजर थांबली. बराच वेळ. मग मंगल, मग आई.

"आय हसते," तो म्हणाला. "काय झालं व्हतं?"

"माझा कॅमेरा उलटा होता."

त्याला ते कळलं नाही, त्याने विचारलंही नाही. त्याचं बोट फोटोवरून पुढे सरकत उजव्या कडेला आलं आणि तिथे थांबलं.

"ह्यो कोण?"

त्याने बोटाने ते पुसट पुसून बघितलं.

"बा हाय?" त्याने फोटो दारातल्या उजेडाकडे नेला. "बा आत आला व्हता?"

"दारापर्यंत," मी म्हटलं. "आम्ही कुणी बघितलं नाही. फोटोत आलाय तेवढंच."

"हसतो का?"

नसीरभाईंनी संगणकावर तो भाग मोठा केला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. टॉवेल, हात, वाकलेला खांदा, आणि चेहऱ्याच्या जागी करडे ठिपके. 'हसतो' म्हणणं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एवढं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतली, आता त्याला आपणच न बघितलेली गोष्ट कशी सांगायची?

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "ती बाजू खराब आहे. बाळाकडे बघतोय का माझ्याकडे, तेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही."

एकनाथने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, शर्टाच्या आत सरकवला आणि वरचं बटण लावलं.

"नीट दिसत नाय," तो म्हणाला. "जाऊनच बघतो."

बागेत काय सांगणार, असं मी विचारायच्या आत तो चपला घालून गल्लीच्या टोकाला पोचला होता. पेठची गाडी सुटायला अजून वेळ होता, पण तो पळत होता.

पैसे मोजून लेन्स मी ठेवली. नसीरभाईंनी ती पुन्हा त्याच मऊ फडक्यात बांधून दिली आणि मी ती बांधलेली गाठ सोडून, आत तीच आहे ना, ते बघून घेतलं. ते हसले.

साताऱ्याला पोचल्यावर सुनंदाला फोन केला. एकनाथ घरी गेला होता. संध्याकाळच्या पावसात भिजून, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून ओट्यापाशी उभा राहिला होता. म्हातारा तिथेच बसलेला होता.

"मग? काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही गं," सुनंदा म्हणाली. "बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, आधी पाय धू. पोऱ्या आत निजलाय."